घोडेस्वाराची बंदूक ओळखायची कशी? एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय घोडदळाच्या शस्त्रांची नवख्यांसाठी तोंडओळख

लंडन, पॅरिस किंवा व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात गेलं की नजर आधी तलवारींकडे, चिलखतांकडे आणि तुरेवाल्या शिरस्त्राणांकडे जाते. बाजूच्या काचेमागे ओळीनं टांगलेल्या आखूड बंदुकांपाशी फारसं कोणी रेंगाळत नाही. थांबलंच कोणी, तर पाटीवरचं नाव आणि साल वाचतो आणि पुढं सरकतो. पाटी न वाचता, नुसतं निरखून बंदुकीबद्दल चार गोष्टी सांगता याव्यात म्हणून हा लेख. त्यासाठी शस्त्रांचा अभ्यासक असायची गरज नाही. बंदूक समोर आली की स्वतःला एक प्रश्न विचारायचा: घोड्यामुळे हिच्यात काय बदललं असेल?

स्वाराचा डावा हात लगामात अडकलेला, खाली हलतं जनावर, कमरेला तलवार, पुढ्यात खोगिराचा उंचवटा. पायदळाची बंदूक या सगळ्यात बसत नाही. म्हणून तिच्यात जे फेरफार झाले, तीच तुमची ओळखीची खूण.

पहिली पायरी: लांबी बघा, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नका

नेपोलियनच्या काळातल्या ब्रिटिश पायदळाच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी ३९ इंचांची. त्याच काळात हलक्या घोडदळाला मिळालेल्या ‘पॅजेट’ कार्बाइनची (कार्बाइन म्हणजे आखूड बंदूक) नळी फक्त १६ इंच, म्हणजे निम्म्याहूनही कमी. ज्याच्या नावानं ही कार्बाइन ओळखली जाते तो हेन्री पॅजेट १८१५ मध्ये वॉटर्लूला ब्रिटिश घोडदळाचा सेनापती होता आणि तिथंच त्याचा पाय गेला. फ्रेंचांनी एवढी काटछाट केली नाही. त्यांची ‘अं नफ’ नमुन्याची, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या पंचांगातल्या नवव्या वर्षाची, घोडदळी बंदूक सुमारे १११ सेंटिमीटर लांब होती. पायदळाची दीड मीटरच्या पुढं जायची.

बंदूक आखूड झाली की दारूही कमी भरावी लागते, नाहीतर धक्का खांदा मोडून काढतो. याचं सोपं उदाहरण म्हणजे ब्रिटिशांची मार्टिनी-हेन्री. पायदळाच्या काडतुसात ८५ ग्रेन दारू आणि ४८० ग्रेनची गोळी, तर कार्बाइनच्या काडतुसात ७० ग्रेन दारू आणि ४१० ग्रेनची गोळी. ग्रॅममध्ये सांगायचं तर गोळी ३१ वरून साडेसव्वीसवर आली. काडतुसाचं माप तेच असल्यानं पायदळाचं काडतूस कार्बाइनमध्ये बसायचं. उडवणाऱ्याला मात्र ते चांगलंच लक्षात राहायचं.

आखूड दिसली म्हणजे घोडदळाचीच असंही नाही. तोफखान्याला, घोडेस्वार पोलिसांना, आपल्याकडे तर तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना आणि साध्या पोलिसांनाही आखूड बंदुका दिल्या जात. सर्वांत झटपट कस लागतो तो संगिनीचा. नळीच्या तोंडाशी संगीन अडकवायची सोय असेल तर ती तोफखान्याची किंवा पोलिसांची असण्याची शक्यता वाढते. मार्टिनीच्या दोन कार्बाइन शेजारी ठेवल्या तर तोफखान्याच्या कार्बाइनला संगिनीची सोय दिसते, घोडदळाच्या कार्बाइनला नाही. याला अपवाद आहेत आणि ते नावानिशी लक्षात ठेवलेले बरे. फ्रेंचांच्या वर सांगितलेल्या बंदुकीला संगीन लागायची, रशियन ड्रॅगूनांच्या, म्हणजे घोड्यावरून जाऊन उतरून लढणाऱ्या स्वारांच्या, रायफलीला लागायची, आणि इटलीच्या १८९१ च्या घोडदळी कार्बाइनला तर नळीखाली दुमडून ठेवायची संगीन कायमचीच जोडलेली होती.

दुसरी पायरी: डावी बाजू बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच संग्रहालयात अवघड होऊन बसते. बंदूक टांगताना तिची उजवी बाजू प्रेक्षकांकडे करतात, कारण घोडा (जनावर नव्हे, चाप ओढला की आपटणारा बंदुकीचा लोखंडी भाग), चकमकीचा दगड, कोरीव अक्षरं असं सगळं देखणं काम तिकडे असतं. घोडेस्वाराची खरी खूण भिंतीकडे तोंड करून राहते. काचेच्या कडेला जाऊन तिरक्या नजरेनं बघा. तेही जमत नसेल तर संग्रहालयाच्या संकेतस्थळावरची छायाचित्रं शोधा. लीड्सच्या रॉयल आर्मरीजची यादी या कामी फार उपयोगी आहे.

डाव्या बाजूला शोधायची ती एक बारीक लोखंडी दांडी. ती लाकडाला समांतर असते आणि तिच्यावर एक सुटी कडी सरकत राहते. स्वाराच्या डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे एक रुंद चामडी पट्टा यायचा आणि त्या पट्ट्याला स्प्रिंगचा आकडा असायचा. आकडा कडीत अडकवला की बंदूक उजव्या बाजूला लोंबकळत राहायची, नळीचं तोंड जमिनीकडे. बार काढून बंदूक हातातून सोडली तरी ती खाली पडत नसे, त्यामुळे हात लगेच तलवारीकडे नेता यायचा. नुसती कडी पक्की न ठोकता दांडी कशासाठी? बंदूक खांद्याला लावताना कडी दांडीवरून मागं-पुढं घसरते, म्हणून पट्टा आडवा येत नाही आणि नेमही धरता येतो.

या सोयीचा एक तोटा होता. नळी खाली करून दिवसभर घोडा दुडक्या चालीनं चालवला की आत सैल बसलेली गोल गोळी घरंगळत तोंडाकडे यायची, कधी बाहेरच पडायची. मग ऐनवेळी चाप ओढला की नुसता दारूचा धूर.

शतकाच्या उत्तरार्धात हा पट्टा मागं पडला आणि खोगिराला बांधलेल्या चामडी नळकांड्यात बंदूक खोचायची पद्धत आली. त्याबरोबर दांडीही गेली. ब्रिटिश घोडदळाच्या मार्टिनी कार्बाइनवर दांडी नाही आणि पट्टा ओवायच्या कड्याही नाहीत. उलट पुढच्या माशीला, म्हणजे नेम धरायच्या नळीच्या टोकावरच्या खुणेला, दोन्ही बाजूंनी लहान पंख दिलेले असतात, म्हणजे नळकांड्यात घालता-काढताना ती चामड्यात अडकून वाकणार नाही. पंखवाली माशी हाती लागली की पुढचे तर्क सोपे होतात.

तिसरी पायरी: गज

कोकणात आजही शेतराखणीच्या बंदुकीला ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात. ज्यानं ती भरताना पाहिली असेल त्याला हा मुद्दा चटकन समजेल. दारू ओतायची, गोळी घालायची, मग गजानं ठासायचं. जमिनीवर उभं राहून हे काम जमतं. चालत्या घोड्यावर गज हातातून निसटला की संपलं, कारण पुढचा बार भरायलाच येणार नाही.

ब्रिटिशांनी यावर काढलेली तोड पॅजेट कार्बाइनवर आणि त्या काळच्या त्यांच्या घोडदळी पिस्तुलांवर दिसते. तिथं नळीच्या तोंडाखालच्या दोन छोट्या फिरत्या सांध्यांनी गज बंदुकीलाच जोडलेला असतो. तो बाहेर ओढायचा, उलटा फिरवायचा, नळीत घालायचा. बंदुकीपासून सुटून पडायचा प्रश्नच नाही. असा सांधेवाला गज आणि डावीकडची दांडी एकत्र दिसली, तर ती घोडेस्वाराचीच बंदूक असं जवळजवळ छातीठोकपणे म्हणता येतं. फ्रेंचांनी मात्र आपल्या घोडदळी बंदुकीला पायदळासारखाच सुटा गज ठेवला. मला तरी यात ब्रिटिशांचं डोकं जास्त चाललेलं दिसतं.

चौथी पायरी: बार उडतो कसा, त्यावरून काळ

साल सांगता येणं नवख्यांना जादूसारखं वाटतं. प्रत्यक्षात बंदुकीच्या घोड्याच्या आसपासची वीतभर जागा नीट पाहिली की वीसेक वर्षांच्या अंतरानं काळ सांगता येतो.

घोड्याच्या जबड्यात दगड आणि समोर उभी पोलादी पट्टी असेल तर ती चकमकीची बंदूक, म्हणजे साधारण १८४० च्या आधीची. दगड पट्टीवर आपटतो, ठिणगी खालच्या पाळ्यातल्या (छोट्या वाटीतल्या) रंजकीवर, म्हणजे पेट घ्यायच्या दारूवर, पडते, तिथून भोकातून आतल्या दारूपर्यंत आग जाते. वारा, पाऊस आणि जनावराचे हिसके यांत पाळ्यातली रंजक टिकवणं हे स्वाराचं रोजचंच दुखणं. फुसका बार ही त्याच्यासाठी नुसती म्हण नव्हती.

दगड नाही, घोड्याचं डोकं हातोडीसारखं बोथट आणि त्याखाली एक पोकळ बोंडी असेल तर ती टोपीची बंदूक. साधारण १८४० ते १८६५ हा तिचा काळ. बोंडीवर तांब्याची टोपी बसवली की वारा-पावसाची काळजी बरीचशी मिटली. इथं एक फसगत संभवते. सरकारांनी लाखो जुन्या चकमकीच्या बंदुका टाकून न देता टोपीच्या करून घेतल्या. फ्रेंच घोडदळाचं १८२२ चं पिस्तूल याचं सहज सापडणारं उदाहरण. ते जन्मानं चकमकीचं, पुढं टोपीचं झालं आणि नंतर त्याच्या नळीत आटेही (गोळीला फिरकी देणारे आतले पीळदार चर) पाडले गेले. असा बदल ओळखायचा असेल तर घोड्याखालची लोखंडी पाटी निरखा. पूर्वी पाळं आणि पट्टीची स्प्रिंग जिथं स्क्रूनं बसवलेली होती, ती भोकं बुजवल्याच्या गोल खुणा तिरप्या उजेडात दिसतात. पाटीवर साल १८२५ आणि वर टोपीची बोंडी, असा मामला असेल तर गोंधळू नका. दोन्ही खरं असतं.

त्यानंतर आल्या मागून भरायच्या बंदुका. घोडदळाला यांचा जितका फायदा झाला तितका दुसऱ्या कोणाला झाला नसेल, कारण गज आणि ठासणं ही कटकटच गेली. ब्रिटिशांनी १८५५ च्या सुमारास अमेरिकेतून सुमारे सहा हजार शार्प्स कार्बाइन मागवल्या, त्यातल्या काही हिंदुस्थानातल्या घोडदळाकडे आल्या. १८६० च्या दशकात वेस्टली रिचर्ड्सची कार्बाइन काही ब्रिटिश रेजिमेंटांना मिळाली. तिच्या दस्त्याच्या मानेवर लांब वाकडी तरफ आडवी पडलेली असते, ती उचलली की नळीचं मागचं तोंड उघडतं. शिपायांनी तिला ‘माकडशेपटी’ म्हणायला सुरुवात केली आणि आजही संग्राहक तेच नाव वापरतात. एकदा पाहिली की ही कार्बाइन कधी विसरत नाही. प्रशियाकडे याच सुमारास ड्रायझेची सुईवाली कार्बाइन होती. तिची लांब सुई कागदी काडतूस भोसकत आतल्या स्फोटक टिकलीपर्यंत जायची. तिचा खटका दाराच्या कडीसारखा पुढं-मागं सरकतो.

हा सरकता खटका पुढं सगळ्या युरोपनं उचलला आणि त्यातून घोडदळाची आणखी एक खूण मिळाली. पायदळाच्या रायफलीत खटक्याची मूठ बाजूला सरळ बाहेर आलेली असते. घोडदळाच्या कार्बाइनमध्ये ती खाली वाकवलेली किंवा चपटी केलेली असते, म्हणजे नळकांड्यात अडकत नाही आणि पाठीवर टांगली तर बरगडीत टोचत नाही. जर्मनीची १८७१ ची माउझर कार्बाइन, फ्रान्सची १८७४ ची ग्रा कार्बाइन, ब्रिटिशांची १८९४ ची ली-मेटफर्ड कार्बाइन या तिन्हींत हे स्पष्ट दिसतं. रशियनांनी आपल्या १८९१ च्या ड्रॅगून आणि कोसॅक (परंपरेनं घोडेस्वार असलेला रशियन समाज) रायफलींची मूठ मात्र सरळच ठेवली. कोसॅकांचा विषय निघालाच आहे तर त्यांची त्याआधीची बर्दान रायफलही बघून ठेवा. तिला चापाभोवतीचं कडं नाही आणि चापाच्या जागी लहानशी गोळी आहे, त्यामुळे ती दुरूनही ओळखू येते.

शतकाच्या अखेरीस एकाच वेळी अनेक काडतुसं भरायच्या कार्बाइन आल्या: फ्रान्सची १८९० ची बर्थिए तीन काडतुसांची, ऑस्ट्रियाची मानलिखर पाच काडतुसांची. इथवर आलात की काडतूस भरायची पेटी बघायची, बाकी वरच्याच खुणा.

पाचवी पायरी: पिस्तूल आणि रिव्हॉल्वर

ठासणीची घोडदळी पिस्तुलं हाताळायला मिळाली तर आधी वजन जाणवतं. ब्रिटिश नमुन्याची नळी ९ इंच आणि भोक कार्बाइनएवढंच. ही कमरेला लावायची वस्तू नव्हती. खोगिराच्या पुढच्या बाजूला चामडी म्यानं असत, त्यांत ती राहायची. काही पावलांपलीकडे तिच्या नेमावर कोणी विसंबत नसे. भालाईतांना मात्र तिचाच आधार असायचा, कारण भाला आणि कार्बाइन दोन्ही सांभाळणं जिकिरीचं.

रिव्हॉल्वर आलं तेव्हा प्रत्येक देशानं आपापली चव दाखवली. ओळखायला सोपी चार उदाहरणं देतो.

ऑस्ट्रिया-हंगेरीचं १८७० चं गासर हे अवजड धूड आहे. लांबी ३२ सेंटिमीटरच्या वर, रिकामं असतानाच वजन सव्वा किलोहून जास्त. सुरुवातीला त्यात वेर्न्डल कार्बाइनचंच लांब काडतूस बसायचं, म्हणून काडतुसांचं फिरतं चक्रही तेवढंच लांब. फ्रान्सचं १८७३ चं ११ मिलिमीटरचं रिव्हॉल्वर सेंत-एतिएनच्या सरकारी कारखान्यातलं. शिपायांना दिलेलं पांढऱ्या, न रंगवलेल्या पोलादाचं, तर अधिकाऱ्यांचं १८७४ चं काळसर निळं आणि चक्रावर खाचा असलेलं. रशियानं १८७१ पासून अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसनकडून रिव्हॉल्वर घेतली. ती मधोमध मोडून उघडतात आणि उघडताक्षणी सगळी रिकामी टरफलं एकदम बाहेर फेकतात. लगाम हातात असलेल्या माणसासाठी ही फार मोठी सोय. आणि नेमकी हीच सोय जर्मनीच्या १८७९ च्या सरकारी रिव्हॉल्वरमध्ये नाही. टरफल काढायला त्यावर दांडाच दिलेला नाही. सुट्या सळईनं किंवा चक्राची खीळ उपसून तिनं एकेक टरफल ढकलून काढायचं. भक्कम कारागिरी आणि बाजूला सुरक्षेची कळ, सगळं ठीक आहे, पण घोड्यावर बसून हे करून बघा म्हणावं.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी सापडते. मुठीच्या बुडाशी एक कडी असते, तिला दोरी बांधून ती गळ्यात अडकवायची. रिव्हॉल्वर हातातून सुटलं तरी ते टापांखाली जात नाही.

या पायरीवर मुंबईचा एक खरा संबंध आहे. १८९६ मध्ये हिंदुस्थानात येताना ससून डॉकच्या पायऱ्यांवर उतरत असताना तरुण विन्स्टन चर्चिलचा खांदा निखळला आणि तो पुढं आयुष्यभर त्रास देत राहिला. २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानमधल्या ओम्दुर्मानला २१ व्या लान्सर्स या ब्रिटिश भालाईत रेजिमेंटनं हल्ला चढवला तेव्हा खांद्याच्या भीतीनं चर्चिलनं तलवार म्यान केली आणि माउझरचं नवं, दहा गोळ्यांचं स्वयंचलित पिस्तूल काढलं. बाकीचे भाले आणि तलवारी घेऊन दौडत होते.

सहावी पायरी: बंदूक कोणत्या स्वाराची?

यात फार खोल जाऊ नका, नियम सतत बदलत होते. मोटामोटी सांगायचं तर हुसार आणि हलक्या ड्रॅगूनांचं, म्हणजे हलक्या घोडदळाचं, काम टेहळणी आणि चौक्या सांभाळायचं, म्हणून कार्बाइन प्रामुख्यानं त्यांची. चिलखती क्युरासिए बराच काळ पिस्तुलावर भागवत. नेपोलियननं १८१२ च्या सुमारास त्यांनाही बंदुका द्यायला लावल्या आणि ते त्यांना अजिबात रुचलं नाही. रशियानं १८८२ मध्ये तर आपलं नेहमीचं सगळं हुसार आणि उलान (भालाईत) घोडदळ ड्रॅगून करून टाकलं आणि त्यांच्या हाती संगीन लागणाऱ्या लांब रायफली दिल्या. घोड्यावरून जायचं, उतरून लढायचं. म्हणून त्या काळातली रशियन घोडदळी बंदूक इतरांपेक्षा लांब दिसते.

सातवी पायरी: आता अक्षरं वाचा

मुद्दाम शेवटी ठेवलं. आधी अक्षरं वाचली की डोळे बाकी काही बघत नाहीत.

ब्रिटिश बंदुकीवर मुकुट आणि त्याखाली राजाची आद्याक्षरं असतात. ‘जी. आर.’ म्हणजे जॉर्ज, ‘व्ही. आर.’ म्हणजे १८३७ नंतरची व्हिक्टोरिया. शेजारी ‘टॉवर’ किंवा ‘एन्फिल्ड’ आणि साल. सरकारी मालकीची खूण म्हणजे बाणाचं लहानसं टोक. मुकुटाऐवजी मागच्या पायांवर उभा सिंह दिसला तर ती ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची, १८०८ नंतरची. त्याआधीच्या बंदुकांवर हृदयाच्या आकाराचा शिक्का असे. फ्रेंच बंदुकीच्या घोड्याखालच्या पाटीवर कारखान्याचं नाव तिरप्या वळणदार अक्षरात सापडतं: शार्लव्हिल, मोबज, सेंत-एतिएन, तुल. त्या नावाच्या आधी ‘इंपेरियाल’ आहे की ‘रुआयाल’ यावरून सत्तेवर सम्राट होता की राजा हेही कळतं. लंबवर्तुळात ‘ई. एल. जी.’ म्हणजे बेल्जियममधल्या लिएजची तपासणी. लिएजनं सगळ्या युरोपसाठी बंदुका आणि बंदुकांच्या नकला बनवल्या, त्यामुळे हा शिक्का दिसला की देश ठरवायची घाई करू नका. त्याच्यावर मुकुट असेल तर तपासणी १८९३ नंतरची.

नकली माल आपल्या उपखंडात भरपूर आहे. खैबरच्या परिसरातल्या कारागिरांनी मार्टिनीच्या हुबेहूब नकला केल्या, पण इंग्रजी वाचता येत नसल्यानं अक्षरांत गोची झाली. ‘एन’ उलटा, ओळ वाकडी, मुकुट भलत्याच आकाराचा. सगळ्यात सोपी परीक्षा सालाची. व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये गेली. ‘व्ही. आर.’खाली १९०५ कोरलेलं असेल तर ती बंदूक एन्फिल्डची नाही.

सगळी विसंगती म्हणजे नकल मात्र नव्हे. १८७०-७१ च्या युद्धात जर्मनांच्या हाती फ्रेंचांच्या शास्पो रायफली मोठ्या संख्येनं लागल्या. त्या आखूड करून, धातूच्या काडतुसासाठी बदलून जर्मन घोडदळाला दिल्या गेल्या. फ्रेंच सांगाड्यावर जर्मन शिक्के, आणि तरीही अस्सल.

घरात किंवा बाजारात अशी वस्तू समोर आली तर

ती भरलेली आहे असंच धरून चाला. शंभर वर्षांपूर्वी ठासलेली दारू आजही पेटू शकते. नळीत डोकावू नका, घोडा चढवून बघू नका. विटकरीच्या भुकटीनं किंवा पॉलिशनं चकचकीत तर मुळीच करू नका. वर सांगितलेले शिक्के त्यात पुसले जातात आणि वस्तूची ओळखच जाते.

भारतात १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे. दुरुस्त करूनही कधीच उडवता येणार नाही अशा जुनाट शस्त्रांना त्यात सवलत आहे, पण ते तसं आहे की नाही हे आपण स्वतः ठरवू नये, पोलिसांच्या परवाना शाखेकडून लेखी घ्यावं. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि अशी पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून धाडायचा बेत असेल तर तो सोडून द्या.

जाणकाराला दाखवायची असल्यास छायाचित्रं अशी काढा: पूर्ण उजवी बाजू, पूर्ण डावी बाजू, घोड्याखालची पाटी जवळून आणि तिरप्या उजेडात, नळीचं मागचं टोक वरून, आणि दस्त्यावरचा प्रत्येक शिक्का सुटा. नळीची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून सोबत लिहा. डाव्या बाजूचं छायाचित्र नसेल तर जाणकार तेच आधी मागेल.